रक्त येते म्हणून ब्रश थांबवू नका

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून कराड तालुक्यातील एका गावात राहते. गेली दोन वर्षे दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, म्हणून ज्या बाजूने रक्त येते तिकडे ब्रश लावणेच मी सोडून दिले आहे. त्या बाजूला बोटाने मिशरी लावते, तेवढ्यापुरते बरे वाटते. पाच वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत आणि गेल्या महिन्यात तीन महिन्यांची साखर ८.४ आली. दातांच्या डॉक्टरांनी सळईसारख्या हत्याराने हिरड्या मोजून कागदावर ‘५, ६, ४’ असे आकडे लिहिले, एक्स-रे काढला आणि चार वेळा येऊन, भूल देऊन, आतून सफाई करावी लागेल असे सांगितले. माझ्या जाऊबाईंनी अशीच सफाई करून घेतली, तर सहा महिन्यांत त्यांचे खालचे पुढचे दोन दात हलून पडले. उलट माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांनी जन्मभर राखुंडीने दात घासले आणि आजही त्या ऊस दातांनी सोलून खातात. मला दुखत तर काहीच नाही. सफाईच्या नादात एकेक दात घालवण्यापेक्षा सगळेच काढून कवळी बसवून घ्यावी का?

उत्तर : ताई, कवळीचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि त्या चार बैठकांच्या तारखा ठरवून टाका. तुमच्या डॉक्टरांनी हिरड्या मोजून आकडे लिहून ठेवले, यावरून ते काम नीट करणारे आहेत असे मला वाटते. कारण अनेक दवाखान्यांत नुसते तोंड उघडून पाहतात आणि ‘क्लीनिंग करून घ्या’ एवढेच सांगतात. त्या ‘५, ६, ४’ चा अर्थ तुम्हाला कोणी समजावून सांगितलेला दिसत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये सगळ्यांनाच एक बारीक फट असते. निरोगी माणसात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. डॉक्टर ज्या सळईने मोजतात तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात, आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ती हलकेच खाली सरकवून ती कुठे अडते ते पाहतात. चारच्या पुढे आकडा गेला की त्या फटीला आम्ही पॉकेट म्हणतो. ६ चा अर्थ असा की त्या जागी हिरडीच्या कडेखाली सहा मिलिमीटर खोल खिसा तयार झाला आहे, ज्याच्या तळाशी तुमचा ब्रश, तुमचे बोट आणि तुमची मिशरी यांपैकी काहीही पोचत नाही. मोजताना रक्त आले का, हेही त्याच कागदावर बहुधा एखाद्या ठिपक्याने लिहिलेले असेल. तो कागद जपून ठेवा. पुढे तोच तुमचा हिशेब ठरणार आहे.

हा खिसा होतो कसा, ते पाहू. दात घासल्यानंतर काही तासांतच दातावर जंतूंचा एक चिकट, पांढरट थर बसू लागतो. रात्री ब्रश न करता झोपलात आणि सकाळी पटाशीच्या दाताच्या मुळाशी नख फिरवलेत, तर नखाला जे बुळबुळीत लागते तोच हा थर, ज्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. तसाच राहिला तर लाळेतील क्षार त्यात मुरतात आणि दोन-तीन दिवसांतच तो घट्ट होऊ लागतो. पुढे त्याचा दगड होतो आणि यालाच आपण कीटण म्हणतो. कीटण ब्रशने निघत नाही, कितीही जोर लावला तरी निघत नाही, आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर आणखी सहज बसतो. हिरडी या जंतूंशी लढायला रक्त पाठवते, म्हणून ती लाल होते, फुगते आणि जरा धक्का लागला की वाहू लागते. ही लढाई महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालू राहिली तर काही माणसांत शरीराचाच दाह दात धरून ठेवणारे तंतू आणि त्यामागचे हाड खाऊ लागतो. हिरडी दातापासून सुटते, खिसा खोल होतो, खोल खिशात हवा कमी असते आणि तिथे आणखी वाईट जातीचे जंतू सुखाने नांदतात.

पहिल्या टप्प्याला हिरडीदाह म्हणतात आणि तो पूर्ण बरा होतो. हाड झिजू लागल्यानंतरचा टप्पा म्हणजे आपल्या बोलण्यातला पायोरिया. तो थांबवता येतो, मात्र झिजलेले हाड सहसा पहिल्यासारखे भरून येत नाही. तुमचे आकडे आणि एक्स-रेनंतर सांगितलेले उपचार पाहता तुम्ही दुसऱ्या टप्प्यात आहात. मात्र दात हलत असल्याचे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही, आणि ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे.

आता रक्ताविषयी. रक्त आले की ब्रश थांबवायचा, ही चूक तुमची एकटीची नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले निम्मे लोक हेच सांगतात आणि त्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे, कारण हाताला जखम झाली तर आपण ती घासत नाही. हिरडीची गोष्ट उलटी आहे. तिथले रक्त ब्रशच्या जखमेचे नसते, साचलेल्या थराने सुजलेल्या हिरडीचे असते. डेन्मार्कमधील आऱ्हुस येथे हाराल्ड लो या संशोधकाने १९६५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते, दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत त्या सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लावल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. दंतवैद्य होऊ घातलेल्या मुलांची तीन आठवड्यांत ही अवस्था झाली. तुम्ही एक बाजू दोन वर्षे सोडून दिली आहे. त्या बाजूला आजच रात्रीपासून मऊ ब्रश लावा. पहिले काही दिवस रक्त जास्त दिसेल, बेसिन लाल होईल, घाबरू नका. वरवरची सूज उतरली की ते कमी होईल. खिशांच्या तळातून येणारे रक्त मात्र सफाई झाल्यावरच थांबेल.

दुखत नाही, हे तर या आजाराचे कपट आहे. दात किडला की मज्जेपर्यंत पोचताच ठणका लागतो आणि माणूस रात्री दोन वाजता दवाखाना शोधतो. हिरडीचा आजार मात्र हाड झिजवत असताना बहुधा दुखत नाही. दुखते ते खिशात पू साठून गळू झाले की, किंवा दात इतका हलू लागला की घास चावताना कळ येते तेव्हा. म्हणून ज्यांच्या हिरड्या ‘कधीच दुखल्या नाहीत’ अशी माणसे पन्नाशीत एकदम चार हलणारे दात घेऊन येतात आणि ‘हे अचानक कसे झाले’ असे विचारतात.

सासूबाईंच्या दातांचा मला मनापासून हेवा वाटतो. परंतु त्यांचे उदाहरण तुम्हाला लागू पडत नाही, आणि याला राखुंडी कारण नाही. श्रीलंकेतील चहामळ्यांतल्या ४८० मजुरांच्या हिरड्यांचा अभ्यास १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षे झाला. या लोकांकडे दात घासण्याची सवय जवळजवळ नव्हती, दातांचे उपचारही पोचलेले नव्हते, आणि कीटण सगळ्यांनाच भरपूर होते. तरीही सुमारे ११ टक्के लोकांत आजार हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही, ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने वाढला आणि ८ टक्क्यांत इतक्या झपाट्याने वाढला की ऐन उमेदीत त्यांचे दात गेले. घाण तेवढीच, पण सोसण्याची ताकद ज्याची त्याची. सासूबाई त्या ११ टक्क्यांतल्या असाव्यात. तुमच्या हिरडीने ४७ व्या वर्षी ६ मिलिमीटरचा खिसा करून तुम्ही त्यांतल्या नाहीत हे सांगून टाकले आहे. राखुंडीविषयी एवढेच सांगतो की राख, कोळसा, मीठ, गेरू घातलेली लाल पूड या गोष्टी दात घासत नाहीत तर कानशीसारख्या झिजवतात. हिरडी खाली सरकलेल्या माणसाचे उघडे पडलेले मूळ दाताच्या वरच्या आवरणापेक्षा पुष्कळ मऊ असते आणि त्याला पुडीने खाच पडायला फार वर्षे लागत नाहीत.

जाऊबाईंची गोष्ट मात्र नीट उलगडायला हवी, कारण तुमची भीती तिथूनच आली आहे. पडले ते खालचे, पुढचे दात. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात, त्यामुळे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस कीटण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जाड साचते. (वरच्या दाढांची गालाकडची बाजू ही दुसरी जागा, तिथेही लाळेची नळी उघडते.) कधी कधी ते इतके वाढते की चार-पाच दातांना एकत्र जखडणारी दगडी पट्टीच तयार होते. अशा दातांभोवतीचे हाड केव्हाच गेलेले असते. एखाद्या कुंपणाच्या खांबाच्या बुडाची माती वाहून गेली आहे आणि भोवती पडलेल्या दगडांमुळे तो कसाबसा उभा आहे, असा तो प्रकार असतो. दगड काढले की खांब हलतो, पण माती दगड काढणाऱ्याने नेलेली नसते. जाऊबाईंचे दात सफाईच्या आधीच गेलेले होते. सफाईने ते उघडकीस आणले. त्यांच्या डॉक्टरांनी हे आधी एक्स-रे दाखवून सांगायला हवे होते. ते सांगितले नाही म्हणून आता घरोघरी ‘सफाईने दात हलतात’ हा समज पसरतो आणि वेळेत जाऊ शकणारी तुमच्यासारखी माणसे थांबतात. तुम्ही उलट करा. पहिल्या बैठकीला स्वतःचा एक्स-रे प्रकाशात धरून दाखवायला सांगा आणि कोणत्या दाताचे हाड किती उरले आहे, कोणता दात धोक्यात आहे, हे आधीच विचारून घ्या.

मधुमेहाची तर या आजाराशी दुहेरी गाठ आहे. साखर वाढलेली असली की हिरडीतील दाह भडकतो, जखम भरायला वेळ लागतो आणि हाड लवकर झिजते. उलट हिरड्यांत सतत पेटलेला दाह शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता कमी करतो आणि साखर आवाक्यात येऊ देत नाही. हिरड्यांच्या आजाराच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मधुमेही रुग्णाची तीन महिन्यांची साखर ७ किंवा त्याहून अधिक असेल, तर आजार वेगाने वाढण्याच्या गटात धरला जातो. तुमची ८.४ आहे. दिलासा देणारी बाब अशी की हिरड्यांचे नीट उपचार झालेल्या मधुमेही रुग्णांत तीन-चार महिन्यांनी हा आकडा सरासरीने सुमारे ०.३ ते ०.४ ने खाली आलेला अनेक अभ्यासांत दिसला आहे. ऐकायला हे थोडे वाटेल, परंतु मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा, एवढ्यासाठी ते कधी कधी आणखी एक गोळी लिहून देतात. म्हणून ‘साखर आधी कमी होऊ द्या, मग दातांचे बघू’ असे म्हणत बसू नका. तुमच्या साखरेला अशी सफाई करता येते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद मात्र दाखवा.

मिशरीविषयी लिहिताना मी थोडा थांबलो, कारण ती लावणाऱ्या बायकांना उपदेश करणारे पुष्कळ असतात आणि ती सोडायला मदत करणारे कोणी नसते. मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. तिने हिरडीला बरे वाटते, कारण तिच्यातील निकोटिन तरतरी देते आणि ते न मिळाल्याने आलेली बेचैनी तेवढ्यापुरती घालवते; हिरडी बरी होत नाही. जिथे ती रोज चोळली जाते तिथे हिरडी खाली सरकते, मुळे उघडी पडतात, आणि गालाच्या आत पांढरे किंवा लाल चट्टे येण्याचा, पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखूचा आणखी एक डाव आहे. विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतील रक्तवाहिन्या आकसलेल्या राहतात, त्यामुळे आतून हाड झिजत असताना बाहेर रक्त फारसे दिसत नाही आणि माणूस आपल्या हिरड्या चांगल्या आहेत असे समजून चालतो. तंबाखू चालू असताना सफाईचा गुणही निम्माशिम्माच येतो.

‘मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे तुम्ही लिहिले नाही, पण बहुतेक जणींची खरी अडचण तीच असते. ती अडचण खोटी नाही, कारण निकोटिनने आतड्याला चालना मिळते आणि ते बंद झाले की काही दिवस कोठा जड राहतो. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि कोंड्यासकट भाकरी, आणि गरज लागली तर डॉक्टरांना विचारून पंधरा दिवस इसबगोल, एवढ्यावर ते निभते. आधी दिवसातून किती वेळा लावता ते मोजा, दुपारची बंद करा, मग रात्रीची, सकाळची सर्वांत शेवटी. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. तिथे बोलताना संकोच वाटला तर घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवा.

आता त्या चार बैठकांत काय होईल ते सांगतो, कारण माहीत नसलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. तोंडाचे चार भाग करून एका वेळी एक भाग घेतात. काही डॉक्टर दोन बैठकांत अर्धे-अर्धे तोंडही करतात. हिरडीत भुलीचे इंजेक्शन देतात, ते मुंगी चावल्यासारखे टोचते आणि ओठ तासा-दोन तासांसाठी जड होतो. मग पाण्याचा फवारा सोडत थरथरणारे यंत्र कीटण फोडते आणि त्यानंतर बारीक, वळलेल्या हत्यारांनी खिशाच्या आतले मूळ खरवडून गुळगुळीत करतात. हिरडीखालचे कीटण वरच्यासारखे पिवळट नसते; रक्ताने रंगून ते काळे-हिरवे झालेले असते आणि मुळाला इतके घट्ट चिकटलेले असते की ट्रेमध्ये पडताना त्याचा टक्‌ असा आवाज येतो. डॉक्टरांना एखादा तुकडा हातावर ठेवायला सांगा. तो एकदा पाहिला की हे ब्रशने किंवा लवंगाच्या तेलाने निघणार नव्हते हे वेगळे सांगावे लागत नाही.

सफाईनंतर दोन-तीन दिवस हिरडी ठुसठुसेल, आठवडा-दोन आठवडे गार पाणी दातांना झोंबेल. सूज उतरली की दातांच्या मध्ये काळ्या फटी दिसू लागतील आणि जीभ सारखी तिथे जाईल. ‘सफाईने दातांत फटी पडल्या’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की हल्ली मी ती आधीच सांगून टाकतो. त्या फटी आधीपासूनच होत्या, सूज आणि कीटण यांनी त्या बुजवलेल्या होत्या. संवेदनशील दातांसाठीची पेस्ट महिनाभर वापरली की झोंबणे बहुतेकांचे कमी होते.

औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून हे काम टाळता येईल का, असे तुमच्या मनात आलेच असेल. नाही येणार. जंतूंचा हा थर एखाद्या बंदिस्त वस्तीसारखा असतो, गोळीतले औषध त्यात पुरेसे शिरत नाही, आणि कीटण तर तसेच राहते. गळू झाले असेल, ताप असेल किंवा आजार फार वेगाने वाढत असेल तेव्हा डॉक्टर सफाईच्या जोडीला ते देतात. हिरडीला चोळायच्या मलमांनी आणि तुरटीच्या गुळण्यांनी हिरडी तेवढ्यापुरती आवळल्यासारखी वाटते, खाली काहीच बदलत नाही. सफाईनंतर बहुधा तुम्हाला ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचे चूळ भरायचे औषध लिहून देतील. ते चांगले आहे, परंतु दोन आठवड्यांपुरते. जास्त दिवस वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जेवणाची चव बिघडते. पेस्टने ब्रश केल्यावर लगेच ते घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमधील फेस आणणारी द्रव्ये त्याचा प्रभाव कमी करतात.

शेवटच्या बैठकीनंतर सहा आठवडे ते तीन महिने या काळात पुन्हा मोजणी व्हायलाच हवी, आणि ती तुम्ही मागून घ्या. तिथे तो जुना कागद काढा. ६ चे ४ झाले, मोजताना रक्त येईनासे झाले, तर आजार थांबला असे समजायला हरकत नाही. जिथे ६ चे ६ च राहिले तिथे, विशेषतः मागच्या दाढांना जिथे मुळांच्या बेचक्यात हत्यार पोचत नाही, हिरडी बाजूला करून उघड्यावर सफाई करण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवतील. तिला फ्लॅप म्हणतात. हाडाचा खड्डा योग्य आकाराचा असेल तर त्यात हाडाची भुकटी भरून थोडे हाड परत मिळवण्याचाही प्रयत्न होतो, पण तो सगळ्या जागी चालत नाही, आणि साखर व मिशरी आटोक्यात नसताना त्यावर पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे. यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी आणि हलकी सफाई. मधुमेहाची गोळी जशी रोज, तशी ही तिमाही. लोक इथेच सुटतात. रक्त थांबले की दवाखाना विसरतात आणि दोन वर्षांनी तेच खिसे घेऊन परत येतात.

घरच्या ब्रशविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण वर्षातले ३६१ दिवस उपचार तुमच्याच हातात आहेत. ब्रश मऊ घ्या, लहान डोक्याचा. बहुतेक जण ब्रश दातांवर आडवा करवतीसारखा चालवतात आणि हिरडीची कड कोरडीच राहते. ब्रशचे केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर टेकतील असा तिरपा धरा, जागच्या जागी हलकेच थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे झटका. दोन-दोन दात करत पुढे सरका. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस ब्रश उभा धरावा लागतो. सगळे तोंड नीट करायला दोन मिनिटे तरी लागतात, घड्याळ लावून पाहा, पहिल्या दिवशी दोन मिनिटे किती लांब असतात ते कळेल. केस फाकले की जोर जास्त पडतो आहे.

पण दोन दातांच्या मधल्या जागेत कोणताही ब्रश जात नाही आणि आजार तिथूनच सुरू होतो. तुमच्या फटी आता मोठ्या असल्यामुळे दोऱ्यापेक्षा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा, काडीएवढा इंटरडेंटल ब्रश तुम्हाला सोपा जाईल. तो वेगवेगळ्या मापांत मिळतो. कोणत्या फटीला कोणते माप ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण सैल ब्रश काही काढत नाही आणि घट्ट ब्रश हिरडी सोलतो. रोज रात्री एकदा पुरे. पहिल्यांदा वापरल्यावर त्या ब्रशचा वास घेऊन पाहा. तोंडाला येणारी जी दुर्गंधी घरातले लोक संकोचाने सांगत नाहीत, ती बऱ्याचदा तिथे दडलेली असते.

काही गोष्टींत मात्र सफाईच्या तारखेची वाट पाहू नका. हिरडीला गळू येऊन गाल किंवा जबड्याखाली सूज आली, ताप आला, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, मधुमेहात तर नक्कीच. ब्रश न लावताही हिरड्यांतून आपोआप रक्त येऊ लागले आणि अंगावर निळे डाग किंवा ताप असेल, तर आधी रक्ताची तपासणी करावी लागते, कारण त्यामागे डेंग्यूपासून रक्ताच्या आजारांपर्यंत काहीही असू शकते. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत भरला नाही तर तो मिशरी लावणाऱ्या व्यक्तीने दाखवलाच पाहिजे. आणि रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर तेही सांगा. काहींच्या हिरड्या त्या गोळीने फुगतात. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

कवळीचे म्हणाल, तर ती नाइलाजाने बसवण्याची वस्तू आहे. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या पाव हिश्श्याच्या आसपासच मिळतो, दात काढल्यावर जबड्याचे हाड वर्षागणिक विरत जाते आणि खालची कवळी तर जिभेबरोबर नाचते. ऊस सोडाच, कडक भाकरीलाही पाण्यात बुडवावे लागते. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातील दंतविभागात विचारा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे ही सफाई व शस्त्रक्रिया खासगीपेक्षा फार कमी खर्चात होते. कराडहून ती लांब पडतील हे खरे. परंतु पश्चिम महाराष्ट्रात खासगी दंत महाविद्यालयेही बरीच आहेत, तिथे पदव्युत्तर विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करतात, आणि त्यांना घाई नसते, हा माझ्या मते मोठाच फायदा आहे.

पहिल्या बैठकीची वेळ सकाळची घ्या. नेहमीची गोळी आणि नाश्ता दोन्ही करूनच जा, उपाशी जाऊ नका, कारण भुलीमुळे पुढे दोन तास काही चावता येणार नाही आणि साखर उतरेल. पर्समध्ये साखरेची पुडी ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. आणि जाऊबाईंना सोबतीला घेऊन जा. त्यांचे दोन दात गेले असले तरी बाकीच्या दातांचे आकडे अजून कोणी काढलेले नसावेत.